कंट्रोलरसाहेबांचा चमचा

“प्रवाशांनी लक्ष द्यावे! औशाकडून येणारा ढोकरी बगळा पाण्याच्या टाकीवर लागत आहे! टाकीवरल्या कावळ्यांनी जागा मोकळी करून द्यावी!”

लातूरच्या या घरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हे माझ्या कानावर पडलं. मी दात घासत होतो. तोंडातला फेस तसाच घेऊन गच्चीवर धावलो. शेजारच्या गच्चीवर एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. डोक्याला मफलर, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात दुर्बीण. हा आवाज ह्या देहातून निघाला असेल यावर विश्वास बसेना, म्हणून मी त्यांच्या आजूबाजूला लाऊडस्पीकर शोधला. नव्हता. टाकीवर मात्र खरोखरच एक बगळा येऊन बसला होता, आणि कावळे खरोखरच उठून गेले होते.

“नवीन आलाव का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही हो, जुनीच आहे मी,” असं उत्तर चार घरं पलीकडच्या बाईंनी त्यांच्या अंगणातून दिलं.

हे नामदेवराव सोनकांबळे. लातूरच्या बसस्थानकावर त्यांनी उभं आयुष्य वाहतूक नियंत्रक म्हणून काढलं. फलाटावर कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली आज येणारच नाही, हे सगळं माईकवरून सांगायचं काम त्यांचं. लोक त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत, अजूनही म्हणतात. माईक बंद पडला तरी प्रवाशांना ते कळायचं नाही, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. रिटायर होताना त्यांनी खुर्ची सोडली, चाव्या सोडल्या, आवाज तेवढा बरोबर आणला.

हळू बोलणं ही गोष्ट त्यांना येत नाही. प्रयत्न करतात. एकदा गल्लीतल्या मयतीला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. ते माझ्या कानाशी वाकले, तोंडाला हात लावला आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत म्हणाले, “माणूस लई चांगला होता सर, पण नळाला मोटार लावायचा.” पलीकडं बसलेल्या बायकांचं रडणं थांबलं. मयताच्या थोरल्या मुलानं मान खाली घातली. लातुरात हा आरोप साधा नाही.

पक्ष्यांचा नाद त्यांना काकूंमुळे लागला. सुमनकाकू नर्स होत्या, त्याही रिटायर झालेल्या. साहेब घरी बसले आणि गाड्या नाहीत म्हणून घरातल्या घरात घोषणा करायला लागले. “वरण अर्धा तास उशिराने धावत आहे.” “तव्यावरची भाकरी रद्द करण्यात आली आहे, प्रवाशांनी पर्यायी व्यवस्था करावी.” काकूंनी थोडे दिवस ऐकून घेतलं. मग एक दिवस परातीतले हात बाहेर काढून म्हणाल्या, “गच्चीवर जावा. तिथं कोण यायलंय, कोण जायलंय, त्याचं काय सांगायचं ते सांगा.” ते गेले. वर बघितलं तर आभाळात भरपूर वाहतूक होती आणि तिला कुणी नियंत्रकच नव्हता.

दुर्बीण आली नईमभाईंकडून. नईमभाईंचं गोलाईच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. दोघे लहानपणापासूनचे दोस्त, आणि एकमेकांशी सरळ बोललेले कुणी ऐकलेलं नाही. “सायब, ही दुर्बीण वापस करताना काच पुसून द्या,” नईमभाई म्हणाले. “वापस करणार कोण?” साहेब म्हणाले. व्यवहार तिथंच संपला.

साहेबांनी पक्ष्यांचं पुस्तक कधी उघडलं नाही. त्यांनी पक्ष्यांची स्वतःची प्रतवारी लावली होती. चिमण्या, साळुंक्या, पारवे या साध्या गाड्या. प्रत्येक थांबा घेणार. पोपट जलद. खंड्या विनाथांबा, निघाला की थेट पाण्यातच. वर्षभर इथंच राहणारे ते मुक्कामी. हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारी बदकं म्हणजे लांब पल्ल्याची आंतरराज्य सेवा, आणि तिच्याबद्दल बोलताना साहेब स्वेटरची बटणं लावून घेत. पाण्याच्या कडेला एका पायावर तासन् तास उभा असलेला राखी बगळा दिसला, की ते मान हलवत म्हणत, “ब्रेकडाऊन. डेपोला कळवायला पाहिजे.”

एका पक्ष्याशी मात्र त्यांचं वाकडं होतं. माझ्या दारातल्या कडुलिंबावर एकदा हळद्या आला. हळदीसारखा पिवळाजर्द, पंख काळेभोर. मी कौतुकानं साहेबांना बोलवायला गेलो. साहेबांनी दुर्बीण लावली आणि लगेच काढली.

“काळी-पिवळी,” ते म्हणाले. “बेकायदेशीर. त्याच्याकडं बघू नका.”

काळी-पिवळी म्हणजे स्थानकाच्या फाटकाबाहेर उभ्या राहून ‘चला निलंगा, निलंगा, एकच सीट’ असं ओरडत एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या जीपगाड्या. साहेबांची सगळी नोकरी ह्या गाड्यांशी लढण्यात गेली. आत माईकवर ते आणि बाहेर ते जीपवाले, अशी जुगलबंदी चालायची. रिटायर झाल्यावरही रस्त्यात काळी-पिवळी दिसली की ते तोंड फिरवून उभे राहत. एकदा तोंड फिरवून उभे असताना नालीत गेले.

आणि त्यांना हवा होता तो चमचा.

चमचा म्हणजे बगळ्याएवढा पांढराशुभ्र पाणपक्षी. चोच लांब, काळी, आणि टोकाशी पळीसारखी चपटी. उथळ पाण्यात उतरून तो ही पळी डावी-उजवीकडं हलवत चालतो, कढी ढवळल्यासारखा. साहेबांना तो बघायचाच होता.

“साहेब, उभा जन्म ऑफिसात काढला, चमचे कमी बघितले काय?” मी म्हणालो.

“ते बघितले म्हणूनच. अस्सल कसा असतो ते एकदा बघायचंय.”

यासाठी ते दर पंधरा दिवसांनी, कधी दर रविवारी, निलंग्याच्या पुढं कर्नाटकाच्या हद्दीकडं एक तलाव आहे तिथं जायचे. सोबतीला नईमभाई. जायचे अर्थात एसटीनं, आणि फाट्यावर उतरून चालत. हिवाळा लागून बरेच दिवस झाले, चमचा काही दिसला नव्हता. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना मी विचारलं. (मी रसायनशास्त्र शिकवतो. लातुरात आभाळाकडं बघणारा माणूस एक तर पावसाची वाट बघत असतो, नाही तर त्याचा मेडिकलला नंबर हुकलेला असतो. मी यातला कुणीच नव्हतो, त्यामुळं मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं.) ते सर म्हणाले, चमचे मांजरा धरणावर येतात की, लातुरातून तर जवळच. मी धावत येऊन ही बातमी साहेबांना दिली.

त्यांनी दुर्बिणीची काच पुसायला घेतली.

“तिथले चमचे वेगळे असतात सर,” ते मग म्हणाले. “आपल्याला निलंगा मार्गावरचाच पाहिजे.”

त्यांच्या मागं उभ्या असलेल्या काकू पदरात तोंड लपवून आत गेल्या. मला वाटलं, खोकला आला.

जानेवारीतल्या एका शनिवारी नईमभाईंचा गुडघा धरला. फाट्यावरून चालवणार नाही म्हणाले. साहेबांनी गच्चीवरून माझ्या गाडीकडं बघितलं. ती गाडी जुनी आहे, माझ्या लग्नात आलेली, पण चालते.

“सर, उद्या सकाळी काय करायलाव?”

हा प्रश्न तीन गल्ल्यांनी ऐकला होता, म्हणून मी खोटं बोलू शकलो नाही.

सकाळी निघालो. काकूंनी डबा दिला. डबा कसला, दोन हातांनी उचलायची पिशवी. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, तिळाचे लाडू, वर एक बरणी लिंबाच्या लोणच्याची. “तिघांना एवढं?” मी म्हणालो. काकू म्हणाल्या, “राहिलं तर कुणाला तरी द्या तिकडं.” साहेबांनी ते न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीत बसले.

रस्ताभर त्यांचं लक्ष समोरून येणाऱ्या एसट्यांवर. “ही औराद गाडी. उशीर हाय. डायवर चहाला थांबला असणार.” मागं बसलेले नईमभाई गुडघा चोळत म्हणाले, “सायब, तुम्ही रिटायर हुये, अब तो गाड्यांना रिटायर होऊ द्या.” दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. एका काळ्या-पिवळ्या जीपनं आम्हाला डावीकडून मागं टाकलं तेव्हा साहेबांनी दुसऱ्या खिडकीकडं तोंड केलं. ते माझ्याच बाजूला आल्यामुळं पुढचा काही रस्ता ते माझ्याकडं टक लावून बघत होते.

तलाव लहानसाच. इकडून मातीचा बांध, पलीकडं गावाची चार-दोन घरं, मधलं पाणी एका जागी इतकं अरुंद, की पलीकडच्या बायका धुणं आपटतात ते इकडं ऐकू यावं. पाण्यावर धुकं होतं. बदकांचे थवे होते, काळ्या पाणकोंबड्या होत्या, खडकावर पंख पसरून पाणकावळे बसले होते.

साहेबांनी छाती भरून घेतली. नईमभाई ओरडले, “नक्को, नक्को!”

“प्रवाशांनी लक्ष द्यावे! लांब पल्ल्याची बदकं...”

बदकं उठली. पाणकोंबड्या लव्हाळ्यात शिरल्या. पाणकावळ्यांनी ओले पंख तसेच घेऊन पळ काढला. ब्रेकडाऊन झालेला राखी बगळासुद्धा सुटला. तलाव मोकळा.

“आहिस्ता बोलो ना जी,” नईमभाई कळवळून म्हणाले. “चिड़ियाँ हैं, सवारियाँ नै.”

“सुटली म्हणजे येतील वापस. गाडी सुटली की यायचीच असते,” साहेब म्हणाले आणि बांधावरच्या एका दगडावर जाऊन बसले. त्या दगडावर त्यांच्या बसण्यानं गुळगुळीत जागा झाली होती. दुर्बीण लावली.

आम्ही धपाटे काढले. मी खाता खाता बघत होतो. थोड्या वेळानं बदकं खरंच परतली, साहेबांच्या अगदी समोर उतरली. साहेबांनी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यांची दुर्बीण पाण्याकडं नव्हतीच. पाण्याच्या बरीच वर, पलीकडच्या काठावर लागलेली होती. तिथं निळ्या रंगाचं एक घर, दारात तुरीच्या काड्यांचा ढीग, आणि आडोशाला एक काळी-पिवळी जीप.

“नईमभाई,” मी म्हणालो, “चमचा पाण्यात असतो ना?”

नईमभाईंनी लाडू मोडला, अर्धा मला दिला आणि मान साहेबांकडं केली. मग बारीक आवाजात म्हणाले, “सर, तुमाला म्हणून सांगतो. ते चमचा नाही बघायलेत. पोरीचं घर हाय ते.”

साहेबांना मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. त्यांच्या बैठकीत पदवीच्या काळ्या झग्यातला एका मुलीचा फोटो आहे. मी एकदा ‘ही कोण’ म्हणून विचारलं, तेव्हा साहेब उठून गच्चीवर गेले आणि काकूंनी मला न मागता दुसऱ्यांदा पोहे दिले. मी पुन्हा विचारलं नाही.

तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा. कॉलेजला असताना तिचं मिलिंद नावाच्या मुलाशी जमलं. मुलगा त्यांच्यातलाच, पदवीधर, सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा. काकूंना पसंत, पाहुण्यांना पसंत. साहेबांनी फक्त विचारलं, करतो काय? मिलिंदची जीप होती. काळी-पिवळी. तीच, फाटकाबाहेर उभी राहणारी. साहेब आत माईकवर घसा फोडत होते त्या दिवसांत हा भावी जावई बाहेर ‘चला निलंगा, एकच सीट’ ओरडत होता.

“लग्नाला गेले न्हाईत,” नईमभाई म्हणाले. “घरात तिचं नाव काढायचं न्हाई म्हणाले. चार साल होत आले. अन् आता ह्या तलावाला चमचा येतो म्हणतात. मेरे कू बोलो, मी चष्मेवाला. माझ्या दुर्बिणीतून कुठं बघायचं ते मला कळत न्हाई का?”

एवढ्यात साहेब दगडावरून ताडकन उठले.

“हाताला प्लास्टर हाय!”

“कुणाच्या?” मी गाफीलपणे विचारलं.

“तिच्या! मित्राच्या!” ते नाव आपण उच्चारलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दुर्बीण माझ्या हातात कोंबली. निळ्या घराच्या दारात एक तरुण बाई उभी होती, एक हात कोपरापर्यंत पांढरा, जुन्या ओढणीनं गळ्यात अडकवलेला.

साहेबांनी खिशातून फोन काढला. घरी लावला. त्यांना फोनची खरं तर गरज नव्हती.

“सुमन! मित्राच्या हाताला प्लास्टर हाय!”

“हाय की,” पलीकडून काकूंचा शांत आवाज आला. “पंधरा दिवस होत आले.”

“मला का न्हाई सांगितलंस?”

“घरात तिचं नाव काढायचं न्हाई, हे कुणी सांगितलं व्हतं? मी न्हाई काढलं.”

“अगं पण हात मोडल्यावर तरी!”

“तुमच्या नियमात हाताचं काही नव्हतं,” काकू म्हणाल्या. “लोणचं दिलंय. पोचवा,” आणि फोन ठेवला.

साहेब बांधावर येरझाऱ्या घालायला लागले. दोनदा पाण्याच्या दिशेनं उतरले, दोनदा परत वर आले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“सर, तुम्ही जावा. तुम्हाला ती वळखत न्हाई. प्यायला पाणी मागा. मागता मागता सहज हाताचं विचारा. माझं नाव मात्र काढायचं न्हाई. शपथ घ्या.”

मी शपथ घेतली. लोणच्याची बरणी घेऊन पाणी मागायला जाणारा माणूस संशयास्पद दिसतो हे मला चालताना कळलं, पण तोवर मी अर्धा बांध पार केला होता. पलीकडं पोचलो. मित्रा अंगणात एका हातानं तूर निवडत होती. केस मागं कसेबसे रबरानं अडकवलेले. डोळे अगदी साहेबांचे.

“ताई, पाणी मिळेल का?”

तिनं तांब्या आणला. मी प्यालो. ती बरणीकडं बघत होती.

“कुठले तुम्ही?”

“लातू... निलंग्याचा,” मी म्हणालो. “हाताला काय झालं?”

ती काही बोलणार एवढ्यात पाण्यावरून आवाज आला.

“सर! उजवा हाय का डावा, ते विचारा!”

कोंबड्या सैरावैरा पळाल्या. धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

“आन् डॉक्टर कोण हाय, तेबी विचारा! पण सहज विचारा!”

मित्रानं सूप खाली ठेवलं. “पप्पा आलेत?”

“कोण पप्पा?” मी म्हणालो. शपथ शपथ असते.

“सर, अख्ख्या जिल्ह्यात असा आवाज दुसऱ्या कुणाचा हाय का?” तिनं माझ्या हातातली बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला, आणि तिचा चेहरा जरा हलला. मग बरणी उंबऱ्यावर ठेवून ती तरातरा पाण्याच्या कडेला गेली. तिनं डावा हात तोंडाशी धरला. ती सोनकांबळ्यांचीच लेक, हे मला तेव्हा पटलं.

“उजवा हाय! पायरीवरून घसरले!”

पलीकडं बांधावर साहेब दगडासारखे उभे राहिले. चार वर्षांनी ऐकलेला आवाज. मला वाटलं, आता ते पळून जातील. पण नियंत्रकाला उत्तर द्यायची सवय असते.

“एक्स-रे काढला का?”

“काढला!”

“दोन्ही बाजूंनी?”

“दोन्ही बाजूंनी!”

“हाड सरकलंय का नुसतं चिरलंय?”

“चिरलंय! पुढल्या हप्त्यात प्लास्टर निघायलंय!”

“निघाल्यावर शेक द्यायचा! वजन उचलायचं न्हाई!”

गावातली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. तलावाच्या ह्या काठावरून त्या काठावर एका हाताची सगळी माहिती जात-येत होती आणि कुणी हसत नव्हतं. धुणाऱ्यांतली एक बाई दुसरीला म्हणाली, “बाप हाय तिचा.” दुसरी म्हणाली, “ऐकू यायलंय की.”

मग साहेबांनी विचारलं, “जेवतीस का नीट?” पहिल्यांदाच त्यांचे शब्द पाण्यावरून अर्धेच इकडं पोचले.

मित्रानं डोळे पुसले. हाताला पीठ होतं की काय कोण जाणे, गालावर पांढरं लागलं. “पप्पा, तिथून किती वेळ वरडणार? घरी या!”

बांधावरचा मफलर जागचा हलला नाही.

“मिलिंदला गाडी घेऊन पाठवते!”

“जीपमध्ये बसणार न्हाई!” हे मात्र लगेच आलं.

“मग चालत या!”

मग बांधावर मफलर हलला. साहेब निघाले होते.

एव्हाना मिलिंद घरातून बाहेर आला होता. उंच, लाजरा मुलगा. सगळं ऐकूनही ऐकलं नाही असं दाखवायचा प्रयत्न करत होता. त्यानं जीप काढली, मलाही बसवलं, आणि आम्ही साहेबांना गाठायला बांधावर गेलो. त्यांच्यापाशी पोचून त्यानं गाडी वळवली आणि खिडकीतून डोकं काढलं.

“मामा, बसा की. लई ऊन झालंय.”

“मी अधिकृत थांब्याशिवाय चढत न्हाई,” साहेब समोर बघून म्हणाले.

नईमभाई मात्र मागून लंगडत आले, दार उघडलं आणि आत बसले. “मेरे घुटने का किसीसे झगडा नै जी,” ते मिलिंदला म्हणाले.

मग आमची मिरवणूक निघाली. पुढं साहेब, दोन्ही हात मागं, ताठ. त्यांच्या मागं काळी-पिवळी, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू. मिलिंदनं हॉर्न वाजवला नाही, पुढंही गेला नाही. साहेब थांबले की गाडी थांबायची. साहेबांनी घाम पुसला की मिलिंद पाण्याची बाटली बाहेर धरायचा. पहिल्यांदा साहेबांनी ती बघितली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा घेतली, प्यायले, आणि न बघताच परत दिली.

बांध संपतो तिथं पाणी अगदी उथळ होतं. मी सहज बाहेर बघितलं. पाण्यात पांढरे पक्षी उभे होते, पाचसहा असतील. मला वाटलं बगळे. पण ते चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडं, डावी-उजवीकडं कढी ढवळत होते.

“साहेब!” मी ओरडलो. “चमचा! तुमच्या डाव्या हाताला! चमचे!”

साहेबांनी बघितलं. हात दुर्बिणीपर्यंत गेला. तिथून खाली आला.

“नंतर,” ते म्हणाले आणि चालायला लागले.

“या अल्ला,” नईमभाईंनी कपाळाला हात लावला. “इसके वास्ते मेरे सारे इतवार गए!”

घरासमोर पोचल्यावर ते आधी मुलीजवळ गेले नाहीत. मिलिंदनं जीप आडोशाला लावली, तर हे तिच्याभोवती फिरले. टायरला लाथ मारून बघितली. मागचा दिवा लावायला सांगितला. “प्रथमोपचार पेटी?” मिलिंदनं पेटी उघडून दाखवली. “पासिंग कधी संपायलंय?” मिलिंदनं सांगितलं. “दारू पिऊन चालवत न्हाईस ना?” “न्हाई मामा.” “हं,” साहेब म्हणाले. एवढं झाल्यावर ते अंगणात बाजेवर बसले. आम्हीही बसलो. मिलिंद चहा ठेवायला आत गेला.

मित्रा समोर उभी होती. आता जवळ आल्यावर दोघांनाही बोलायला काही सुचेना. मधे पाणी होतं तेव्हा बरं चाललं होतं.

ती खाली वाकून पायाला हात लावायला गेली, तर रबर निसटलं आणि केस सगळे तोंडावर आले. तिनं डाव्या हातानं ते मागं सारले, ते पुन्हा आले. ती अवघडून हसली. “एका हातानं जमत न्हाई हो. शेजारची काकी येते वेणी घालायला, ती आज बाजाराला गेलीय. मिलिंद घालतो, पण त्याची वेणी होत न्हाई, दावं होतं.”

“फणी आण,” साहेब म्हणाले.

“पप्पा, राहू द्या, लोक...”

“फणी आण.”

तिनं फणी आणली आणि बाजेच्या पुढ्यात खाली मांडी घालून बसली, त्यांच्याकडं पाठ करून. साहेबांनी मफलर काढून ठेवला. माझ्याकडं बघून ती म्हणाली, “आईची सकाळची पाळी असायची. शाळेत असताना माझी वेणी हेच घालायचे. दोन वेण्या, लाल रिबिनी. मग मला शाळेत सोडून ड्यूटीवर.” साहेबांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून समोर सरळ केलं. “हलू नको,” म्हणाले.

आधी केसांतला गुंता सोडवला, टोकाकडून वर, ओढ न लागू देता. मग फणीच्या कडेनं भांग पाडला. तीन पेड घेतले. बोटं न अडखळता चालत होती. मित्रानं डोळे मिटले होते. तूर तशीच सुपात होती आणि चिमण्या येऊन ती खात होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. मिलिंद चहा घेऊन दारात आला आणि तिथंच थांबला.

वेणी झाली. शेवटाला त्यांनी रबर बांधलं.

“झाली?” मित्रानं डोळे न उघडता विचारलं.

साहेबांनी वेणी तळहातावर घेऊन बघितली. चांगली घट्ट, सरळ वेणी होती. भांगही नीट होता, मी बाजूलाच बसलो होतो.

“न्हाई,” ते म्हणाले. “भांग वाकडा गेलाय.”

त्यांनी रबर काढलं, पेड मोकळे केले आणि फणी घेऊन पुन्हा टोकापासून सुरुवात केली.